ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्शे: कोसळलेले बरोक चर्च 'जसेच्या तसे' उभारता येते का?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरात आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला शिकते. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्यापासून 'जसेच्या तसे उभारू' हे शब्द आपण सगळेच ऐकत आहोत. स्थापत्याच्या दृष्टीने या शब्दांचा नेमका अर्थ काय, हे तपासण्यासाठी मी प्रबंधाकरिता जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचे फ्राउएनकिर्शे हे प्रॉटेस्टंट चर्च निवडले आहे. ते १७२६ ते १७४३ या काळात बांधले गेले, १५ फेब्रुवारी १९४५ रोजी कोसळले, जवळपास अर्धे शतक ढिगाऱ्याच्या रूपात भर चौकात पडून राहिले आणि १९९४ ते २००५ या काळात पुन्हा उभे राहिले, एवढा घटनाक्रम मला ठाऊक आहे. माझ्या शंका त्यापुढच्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश विमानांचा बॉम्बहल्ला १३ फेब्रुवारीच्या रात्री झाला, मग चर्च त्या रात्री न पडता १५ तारखेच्या सकाळी का पडले? १७६० मध्ये प्रशियाच्या तोफांचा मारा ज्या घुमटाने सोसला, त्याला आगीने कसे पाडले? शिवाय आतील आराखडा पाहिला की मला चर्चपेक्षा नाट्यगृहाचीच आठवण होते, कारण मध्यभागी गोलाकार बैठक आहे, भोवती एकावर एक सज्जे आहेत आणि समोर रंगमंचासारखी उंचावलेली वेदी आहे. माझ्या डोक्यात सध्या नाट्यगृह बसले आहे म्हणून असे वाटते की त्यामागे खरोखरच काही विचार होता?

शेवटची शंका मार्गदर्शक सरांशी चाललेल्या वादातून आली आहे. त्यांच्या मते या इमारतीची तारीख २००५ अशीच लिहिली पाहिजे आणि तिला बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातील युरोपीय शैलीची, म्हणता येणार नाही. मला ते पटत नाही, परंतु खोडून काढण्याइतका आधारही माझ्याकडे नाही. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

राजारामपुरीचा_अभियंता

इमारतींच्या स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये माझे आयुष्य गेले आहे, त्यामुळे घुमटावर लिहिण्याची घाई मला झाली आहे. तरीही आधी आराखड्याबद्दल लिहितो, कारण आराखडा समजल्याशिवाय या घुमटाचे दुखणे समजत नाही.

सॅक्सनीचा शासक ऑगस्ट, ज्याला इतिहासात 'बलाढ्य' हे विशेषण चिकटले आहे, तो पोलंडचे सिंहासन मिळावे म्हणून १६९७ मध्ये कॅथलिक झाला. ल्यूथरच्या प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा उगमच सॅक्सनीच्या भूमीत झालेला असल्याने प्रजेने त्याचे अनुकरण केले नाही. शहरातील जुने मध्ययुगीन चर्च मोडकळीला आले, तेव्हा नगर परिषदेने त्याच्या जागी नवे बांधायचे ठरवले आणि काम शहराचा मुख्य सुतार गेओर्ग बेअर याच्याकडे दिले. तो दरबारी वास्तुशिल्पी नव्हता. त्याने तोपर्यंत आसपासच्या गावांत साधी, मध्यवर्ती आराखड्याची चर्चे बांधली होती आणि प्रवचन शेवटच्या माणसापर्यंत कसे पोहोचेल, हे गणित त्याच्या हातात बसलेले होते. दरबारी वास्तुशिल्पी क्नोफेल याने या प्रकल्पासाठी स्वतःचे आराखडे केले आणि अंतिम रूपावर त्यांचाही प्रभाव पडला. पायाभरणी २६ ऑगस्ट १७२६ रोजी झाली.

ल्यूथरपंथीय उपासनेत प्रवचन आणि सामुदायिक गायन यांना मध्यवर्ती स्थान आहे. कॅथलिक चर्चमध्ये लांबलचक मध्यदालनातून वेदीकडे जाण्याचा प्रवास महत्त्वाचा असतो, तर येथे प्रत्येकाला प्रवचनकार दिसला पाहिजे आणि त्याचा शब्द ऐकू आला पाहिजे. म्हणून बेअरने जवळपास चौरस, कोपऱ्यांना जिन्यांचे मनोरे असलेला आराखडा घेतला, आतमध्ये आठ खांबांचे वर्तुळ उभे केले आणि त्यांच्या मागे सज्जे रचले. वेदी, प्रवचनपीठ आणि ऑर्गन हे तिन्ही एकाच अक्षावर, सर्वांच्या नजरेसमोर आणले. तुम्हाला नाट्यगृहाची आठवण झाली यात काहीच वावगे नाही, कारण दोन्ही ठिकाणी सुटणारा प्रश्न एकच आहे: शेकडो माणसांना एका ठिकाणाहून येणारा आवाज नीट ऐकवणे. राजाच्या बाजूने उत्तर आले ते १७३९ मध्ये, जेव्हा एल्ब नदीच्या काठी इटालियन वास्तुशिल्पी कियावेरी याने कॅथलिक दरबारी चर्चचे काम सुरू केले. थोड्याच अंतरावर उभ्या असलेल्या या दोन इमारती एकाच शहरातील दोन पंथांचे बरोक कसे वेगळे असते, हे समोरासमोर दाखवतात. प्रबंधात दोघांचे आराखडे एका पानावर ठेवाच.

आता घुमट. सुरुवातीच्या योजनेत तो लाकडी सांगाड्यावर तांब्याचा पत्रा मढवलेला असणार होता. तो पूर्णपणे दगडाचा करावा, असा आग्रह बेअरने धरला आणि तडीस नेला. पायापासून माथ्यापर्यंत एकाच वालुकाश्माची सलग वास्तू व्हावी, अशी त्याची कल्पना होती. घुमटाचा बाहेरील व्यास सुमारे २६ मीटर, वजन सुमारे १२,००० टन, आणि क्रूसापर्यंत इमारतीची उंची ९१ मीटर. आकार अर्धगोल नसून घंटेसारखा आहे. पायथ्याशी तो आत वळून पुन्हा बाहेर पसरतो. त्याचे कवच दुहेरी असून दोन थरांच्या मध्ये वर चढत जाणारा वळणदार उतार आहे.

कोणताही घुमट स्वतःच्या भाराने खालच्या अंगाला बाहेर फाकू पाहतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात तसा ताण घेणारा पट्टा तेथे नसेल, तर उभ्या भेगा पडतात. बेअरने लोखंडी पट्टे घातले होते, परंतु ते अपुरे होते. घुमटाचा भार आठ खांबांमागील आडव्या भिंतींमार्फत बाहेरच्या भिंतींपर्यंत वाटला जाईल, हा त्याचा मूळ विचार उत्तम होता. प्रत्यक्षात पट्टे ताण पुरेसा घेऊ न शकल्याने भाराचा फार मोठा वाटा त्या सडपातळ आठ खांबांवरच एकवटला. विजापूरचा गोल घुमट आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. त्याचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे ड्रेस्डेनपेक्षा बराच मोठा आहे, परंतु तेथे एकमेकींना छेदणाऱ्या कमानींमधून भार जाड भिंतींवर उतरतो आणि आतली जागा मोकळी राहते. बेअरला जाड भिंती नको होत्या, कारण त्याला भोवती सज्जे हवे होते. प्रवचनासाठी केलेली ही तडजोड पुढे दोनशे वर्षे त्या खांबांनी वाहिली.

भेगा बांधकाम चालू असतानाच दिसू लागल्या. बेअर १७३८ मध्ये वारला आणि त्यानंतर कियावेरीने तर दगडी घुमट उतरवून घ्यावा असेच मत दिले. घुमट राहिला, १७४३ मध्ये त्यावर क्रूस चढला, आणि १७६० च्या वेढ्यात शहरातील क्रॉइत्सकिर्शे हे दुसरे मोठे चर्च उद्ध्वस्त झाले तरी फ्राउएनकिर्शेचा घुमट उभा राहिला. त्यामुळे तो अभेद्य असल्याची भावना लोकांत पक्की झाली. वास्तविक तोफगोळ्याचा आघात हा त्याच्या दुर्बल बाजूवर नव्हता. एवढ्या जाड दगडी कवचाला वरून आलेला गोळा फारशी इजा करत नाही. दुर्बल बाजू खाली, खांबांत होती. १९३८ ते १९४२ या काळात अभियंता गेओर्ग र्‍यूट याने काँक्रीटचे ताणपट्टे घालून मोठी दुरुस्ती केली आणि त्यासोबत वास्तुशिल्पी आर्नो कीसलिंग याने इमारतीची काटेकोर मोजणी करून नकाशे तयार केले. हे नकाशे लक्षात ठेवा, पुढे त्यांचेच महत्त्व सर्वाधिक ठरले.

१३ फेब्रुवारीच्या रात्री चर्च बॉम्बने फुटले नाही. भोवतालचे शहर पेटले, आग खिडक्यांतून आत शिरली आणि बैठका, सज्जे, दरवाजे असे सर्व लाकूड आतल्या आत जळत राहिले. वालुकाश्मात क्वार्ट्झ भरपूर असते आणि क्वार्ट्झची स्फटिकरचना ५७३ अंश सेल्सिअसला एकदम बदलून ते प्रसरण पावते. त्यामुळे दगडाचे बाहेरचे थर पापुद्र्यांसारखे सुटतात आणि खांबाचा भार पेलणारा छेद कमी होत जातो. आधीच क्षमतेच्या काठावर असलेले खांब हळूहळू झिजत गेले, आणि १५ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास त्यांनी हार पत्करली. वरचा घुमट तोवर बऱ्यापैकी शाबूत होता. त्याला आगीने पाडले नाही, त्याचा आधार आगीने काढून घेतला.

मंद्रसप्तक

अभियंता काकांनी ऑर्गनचा उल्लेख केला आहे, म्हणून त्याबद्दल थोडे लिहिते. मी हार्मोनियमवादक आहे आणि या वाद्यामुळेच या चर्चच्या वाटेला गेले.

मूळ ऑर्गन गोटफ्रीड झिल्बरमान या त्या काळातील सर्वश्रेष्ठ समजल्या जाणाऱ्या कारागिराचा होता. तो नोव्हेंबर १७३६ मध्ये वाजता झाला आणि १ डिसेंबर १७३६ रोजी योहान सेबास्टियान बाख याने तेथे वादन केले. त्याला ड्रेस्डेन दरबाराचा संगीतकार ही पदवी त्याआधी काही दिवसच मिळाली होती. राजदरबाराची पदवी घेतलेल्या संगीतकाराने नागरिकांच्या चर्चमध्ये वाजवावे, यात त्या शहराचे राजकारणही थोडे ऐकू येते.

'जसेच्या तसे' या तत्त्वाची खरी परीक्षा पुनर्बांधणीत ऑर्गनपाशीच झाली, आणि माझ्या मते तेथे ते तत्त्व मोडले. एका पक्षाचे म्हणणे असे होते की दगड जर मूळ मोजमापांनी रचले जात आहेत, तर ऑर्गनही झिल्बरमानचाच, त्याच्याच स्वरव्यवस्थेसह पुन्हा घडवावा. दुसऱ्या पक्षाला नंतरच्या शतकांतील संगीतही वाजवता येईल असे वाद्य हवे होते. जगभरच्या वादकांनी या वादात भाग घेतला. अखेरीस स्ट्रासबुर्गच्या डानिएल केर्न यांच्याकडून नवे वाद्य घडवून घेतले गेले, ज्याची दर्शनी चौकट १७३६ च्या ऑर्गनसारखी आहे, परंतु ज्याच्या आत एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच धाटणीचा एक संपूर्ण विभाग आहे. डोळ्यांना अठरावे शतक दिसते आणि कानांना वेगळेच काही ऐकू येते.

मी झिल्बरमानच्या बाजूची आहे. ज्या इमारतीचा आराखडाच ऐकण्यासाठी केलेला आहे, तेथे आवाज हा सजावटीचा भाग नसून रचनेचा भाग आहे. केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झाले, तेव्हा संगीत नाटकातील गायक ध्वनिक्षेपकाशिवायच शेवटच्या रांगेपर्यंत गात असत. तेथेही भिंतींच्या नक्षीइतकीच चर्चा छताच्या आकाराची आणि अस्तराच्या लाकडाची व्हायला हवी, असे मला वाटते.

तिरकस_पेठकर

दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, परंतु मुळात हे चर्च पुन्हा बांधायलाच हवे होते का, हा प्रश्न कोणी विचारलेला नाही. तो मी विचारतो.

त्या हल्ल्यांत सुमारे २५,००० माणसे मेली, असा निष्कर्ष शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या आयोगाने २०१० मध्ये काढला. चर्चचा ढिगारा आणि त्यातून वर आलेले भिंतींचे दोन सुळके हे त्या रात्रीचे साक्षीदार होते. पूर्व जर्मनीच्या राजवटीत तो ढिगारा स्मारक म्हणून राखला गेला आणि १९८२ च्या १३ फेब्रुवारीला तरुण मंडळी तेथे मेणबत्त्या घेऊन जमली, तेव्हा सरकारी परवानगीबाहेरच्या शांतता चळवळीला ती जागा मिळाली. डिसेंबर १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी याच अवशेषांसमोर भाषण केले. एवढा इतिहास ज्या दगडांना चिकटला, तो धुऊन पुसून पुन्हा १७४३ ची टवटवीत इमारत उभी करणे म्हणजे मधली दोन शतके गाळून टाकणे नव्हे काय? सॅक्सनीच्या चर्च संघटनेतही सुरुवातीला अशी कुरबूर होतीच.

दुसरे मार्ग उपलब्ध होते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४० मध्ये जळालेल्या कॅथेड्रलच्या भिंती तशाच ठेवून त्यांच्या शेजारी बेसिल स्पेन्स यांनी नवे कॅथेड्रल बांधले, जे १९६२ मध्ये खुले झाले. बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म चर्चचा तुटका मनोरा राखून एगोन आयरमान यांनी त्याच्या बाजूला काच आणि काँक्रीटची नवी वास्तू उभी केली. दोन्ही ठिकाणी येणाऱ्याला काय घडले ते कोणी सांगावे लागत नाही. ड्रेस्डेनमध्ये मात्र चर्च झाले आणि त्याच्यामागोमाग नॉयमार्क्ट चौकाच्या भोवतीची घरेही जुन्या मुखवट्यांची, आत काँक्रीट आणि बाहेर बरोक अशी झाली. अशा चौकात उभे राहिल्यावर चित्रपटाच्या सेटवर उभे असल्याची भावना होते, असे तेथे राहिलेल्या एका मित्राने मला सांगितले आणि छायाचित्रे पाहून मला त्याचे म्हणणे पटले. आपल्याकडे शहराच्या मध्यवस्तीत जुना वाडा पाडून त्याच्या जागी 'वाडा पद्धतीचे' मंगल कार्यालय उभे राहते, तोच हा प्रकार. जर्मनांचा खर्च अधिक, इतकाच फरक.

राजारामपुरीचा_अभियंता

पेठकर साहेब, नॉयमार्क्टच्या घरांबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. त्यांतील अनेक घरे मुखवटेच आहेत. चर्च मात्र त्या पंक्तीत बसत नाही, आणि का बसत नाही हे धागाकर्तीच्या प्रबंधासाठी सर्वांत उपयोगी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

येथे ढिगारा साफ केला गेला नाही, तो उत्खनन केल्यासारखा थराथराने उतरवला गेला. जानेवारी १९९३ मध्ये हे काम सुरू झाले, तेव्हा ढिगाऱ्याचे मोजमाप सुमारे २२,००० घनमीटर होते. वापरता येण्याजोगा प्रत्येक दगड कोणत्या जागी सापडला याची जाळीवर नोंद झाली, त्याचे छायाचित्र काढले गेले, मोजमाप घेतले गेले, त्याला क्रमांक मिळाला आणि तो मांडणीवर ठेवला गेला. इमारत कशी कोसळली हे ठाऊक असेल, तर दगड कोठे पडला यावरून तो मूळ कोठे होता याचा अंदाज बांधता येतो. कीसलिंगचे नकाशे, जुनी छायाचित्रे आणि संगणकावर केलेले त्रिमितीय प्रारूप यांच्याशी हे दगड ताडून पाहिले गेले. त्यातून दर्शनी भागातील साडेतीन हजारांहून अधिक दगड पुन्हा भिंतीत गेले. याशिवाय वायव्येकडील जिन्याचा मनोरा आणि वेदीमागील भाग हे उभे राहिलेले अवशेष न पाडता नव्या बांधकामात सामावून घेतले गेले. मुखवट्यात आणि या कामात हाच भेद आहे.

तुमची साक्षीदाराची बाजूही येथे पूर्ण पुसली गेलेली नाही. एल्ब खोऱ्यातील वालुकाश्मात लोहाचा अंश असतो, तो हवेत वर्षानुवर्षे राहिला की काळवंडतो. त्यामुळे जुने दगड काळे आणि नवे पिवळसर आहेत. जुने दगड घासून उजळण्याचा किंवा नव्यांना रंग देऊन जुने भासवण्याचा मोह त्यांनी टाळला. परिणामी भिंतीवर काळे ठिपके विखुरलेले दिसतात आणि वायव्येचा कोपरा जवळजवळ सगळा काळा दिसतो. काय वाचले आणि काय गेले याचा नकाशाच दर्शनी भागावर आहे. काही दशकांत नवा दगडही काळवंडेल आणि हा भेद पुसट होत जाईल. घुमटावरचा जुना क्रूस १९९३ मध्ये ढिगाऱ्यात वाकलेल्या अवस्थेत सापडला, तो सरळ न करता तसाच आत ठेवला आहे. वरचा नवा क्रूस ब्रिटनमधील देणग्यांतून घडवला गेला आणि तो घडवणारे लंडनचे कारागीर अ‍ॅलन स्मिथ यांचे वडील ड्रेस्डेनवरील हल्ल्यात वैमानिक होते. एकूण खर्च सुमारे १८ कोटी युरो आला आणि त्यातील मोठा वाटा देणग्यांचा होता. १९९९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळालेले ग्युंटर ब्लोबेल यांनी पारितोषिकाच्या रकमेचा बहुतांश भाग या कामाला दिला. ढिगारा राखावा की चर्च बांधावे, हे ठरवताना हा आंतरराष्ट्रीय सहभाग बाजूला ठेवून चालणार नाही.

आणि एक गोष्ट, जी वास्तुशिल्पींपेक्षा आम्हा अभियंत्यांना अधिक रुचते. त्यांनी बेअरची चूक पुन्हा बांधली नाही. खांबांसाठी अधिक मजबूत वालुकाश्म निवडला, त्याचे चिरे अत्यंत अचूक घडवून सांधे बारीक ठेवले, आणि घुमटाच्या पायथ्याशी ताण घेणारी भक्कम पोलादी वलये बसवली. त्यामुळे भार खांबांवर न एकवटता बाहेरच्या भिंतींपर्यंत वाटला जातो, म्हणजे बेअरने १७३० च्या दशकात जे योजले होते ते त्याच्या घुमटाला २००४ मध्ये मिळाले. आकार तोच, दगड शक्य तेथे तोच, पद्धत दगडी गवंडीकामाचीच, आणि सुधारणा फक्त मूळ कल्पनेत जे अपुरे राहिले होते तेथे. ऑर्गनच्या बाबतीत याच कसोटीवर मंद्रसप्तक यांची तक्रार मला योग्य वाटते.

चिरेबंदी

मी दगडकामाचे कंत्राट घेतो. जुन्या वाड्यांची आणि मंदिरांच्या ओवऱ्यांची दुरुस्ती हेच आमचे काम. 'सांधे बारीक ठेवले' हे वाक्य वाचायला सोपे आहे, परंतु तेवढ्यासाठी प्रत्येक चिऱ्याच्या सहाही बाजू काटकोनात घडवाव्या लागतात. आमच्याकडे दर्शनी बाजू घडवून मागची बाजू ओबडधोबड ठेवण्याची आणि मध्ये भर घालण्याची पद्धत आहे. भार मोठा असेल तर अशा भिंतीचा बाहेरचा थर फुगतो.

आणखी एक सांगतो. आगीत तापलेला दगड बाहेरून धड दिसला तरी त्याचा भरवसा नसतो. हातोडीने वाजवून पाहावा. आवाज बद्द आला तर तो दगड वेगळा ठेवावा. आपला काळा पाषाण वालुकाश्मासारखा वागत नाही, कारण त्यात क्वार्ट्झ नसल्यासारखेच असते, तरी तापलेल्या दगडावर पाणी पडल्यावर जे तडे जातात ते त्यालाही जातात. म्हणून आगीतून उभ्या राहिलेल्या भिंतीवर नवे छप्पर ठेवण्याआधी प्रत्येक चिरा तपासणे आवश्यक आहे. ड्रेस्डेनच्या लोकांनी दगडांना क्रमांक दिले, हे वाचून समाधान वाटले. आम्ही मंदिराची ओवरी उतरवतो तेव्हा चिऱ्यांवर खडूने क्रमांक घालतो, पण एक पाऊस झाला की ते पुसून जातात.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काका, दगडांचे समजले, परंतु जे लाकूड पूर्ण जळाले त्याचे काय? सज्जे, दरवाजे, घुमटाच्या आतील चित्रे यांचे अवशेष तर उरलेच नसतील. तेथे 'मूळ' कशाला म्हणायचे? आणि सरांना तारखेबद्दल काय उत्तर देऊ?

मंद्रसप्तक

दरवाजांची हकिकत मला माहीत आहे. ओक लाकडाच्या प्रवेशद्वारांवरील कोरीवकामाची केवळ ढोबळ वर्णने उपलब्ध होती. मग लोकांना आवाहन केले गेले की या चर्चच्या दारात काढलेली जुनी छायाचित्रे कोणाकडे असतील तर पाठवावीत. लग्नानंतर वधूवर आणि वऱ्हाडी दारात उभे राहून छायाचित्र काढत असत, त्यामुळे लोकांनी लग्नांचे संपूर्ण अल्बम पाठवले, आणि वधूच्या मागे दिसणाऱ्या दरवाजांवरून कारागिरांनी नक्षी पुन्हा कोरली. घुमटाच्या आतील चित्रे मूळची इटालियन चित्रकार ग्रोने याची होती. ती क्रिस्टोफ वेत्सेल यांनी नव्याने रंगवली, म्हणजे तेथे चित्र जुने आणि हात नवा आहे. रंग तयार करताना जुन्या नोंदींनुसार अंड्यांचाही वापर झाला.

आपल्या नाट्यगृहात शाळांची स्नेहसंमेलने, राज्य नाट्य स्पर्धा, सत्कार समारंभ असे किती कार्यक्रम झाले असतील याचा विचार करा. सत्कारमूर्तीच्या मागे रंगमंचाची चौकट असणारच, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांच्या मागे सज्जाचा कठडा असणारच. ही छायाचित्रे घराघरांत पडून आहेत. ती कोणी एकत्र केली तर नकाशांइतकी उपयोगी ठरतील.

तिरकस_पेठकर

दगडांच्या नोंदीबद्दल जे लिहिले आहे ते मला पूर्वी ठाऊक होते, तरीही माझा मूळ आक्षेप राहतोच: काळे ठिपके वाचायला येणाऱ्याला ते वाचता आले पाहिजेत. स्पष्टीकरण नसेल तर पर्यटकाला ते कबऱ्या रंगाची भिंत एवढेच वाटेल. कॉव्हेंट्रीत असे स्पष्टीकरण लागत नाही. तारखेच्या वादात मात्र मी सरांच्या विरुद्ध आहे. अंबाबाईच्या देवळाचे खालचे काळ्या पाषाणाचे बांधकाम आणि वरची नंतरच्या काळातील विटा-चुन्याची शिखरे यांची तारीख आपण एकच लिहितो का? आणि शिखरे नंतरची आहेत म्हणून देऊळ नवे ठरते का?

राजारामपुरीचा_अभियंता

पेठकर साहेबांनी माझे काम सोपे केले. धागाकर्तींनी तारखेच्या रकान्यात एक आकडा लिहिण्याचा आग्रहच सोडावा. आराखडा व रचना १७२६ ते १७४३, कोसळणे १९४५, पुनर्रचना १९९४ ते २००५, असे तीन टप्पे लिहावेत. 'बरोक' हे विशेषण पहिल्या टप्प्यातील रचनेला लावावे आणि तिसऱ्या टप्प्याला 'मूळ द्रव्यासह पुनर्रचना' असे म्हणावे. सर बरोकला एक कालखंड मानत असतील तर त्यांचे म्हणणे त्या व्याख्येत बरोबर आहे. तुम्ही त्याकडे रचनापद्धती म्हणून पाहत असाल, तर जागेची मांडणी, घुमटाचा आकार आणि प्रकाश आत घेण्याची रीत या सर्व बाबतींत ही इमारत बेअरचीच आहे. व्याख्या पहिल्या प्रकरणात स्पष्ट लिहा, म्हणजे मौखिक परीक्षेत अर्धा वाद तेथेच मिटेल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे इमारतीचा उभा छेद काढा आणि त्यात तीन प्रकारची रेघाटणी वापरा. जागेवर उभे राहिलेले अवशेष एका प्रकारे, ढिगाऱ्यातून परत बसवलेले दगड दुसऱ्या प्रकारे आणि नवे बांधकाम तिसऱ्या प्रकारे दाखवा. पोलादी वलये लाल रेघेने दाखवा. जळालेले लाकूडकाम, चित्रे आणि ऑर्गन यांच्यासाठी चौथा प्रकार ठेवा, कारण तेथे द्रव्य संपूर्ण नवे असून आधार केवळ नोंदींचा आहे, आणि ऑर्गनच्या आतल्या भागात तर तोही घेतलेला नाही. असाच छेद केशवराव भोसले नाट्यगृहाचाही काढता येईल. त्यासाठी आगीपूर्वीची मोजणी कोणी केली होती का, हे आधी शोधा. पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी मापन-अभ्यास म्हणून त्या इमारतीचे नकाशे काढले असण्याची शक्यता मोठी आहे, आणि असे नकाशे बहुधा महाविद्यालयांच्या कपाटांत गुंडाळ्या करून ठेवलेले असतात. शोध तेथून सुरू करा.